खानदेशांतील खावटी



दुष्काळांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. मोठमोठे दुष्काळ, त्यांत ओस पडलेलीं गांवें, सरकारनें काढलेलीं कामें आणि नेमलेलीं कमिशनें यांचीं टिपणें दप्तरांत आहेत. ज्यांना हवीं असतील त्यांना तीं वाचावयास मिळतात. आज मी ज्या उपासाविषयीं बोलणार आहें त्याला मात्र साल नाहीं. तो दरवर्षीं येतो. मृगाच्या पेरण्या आटोपल्या कीं तो दाराशीं उभा राहतो, आषाढ-श्रावण घरांत मुक्काम करितो आणि भाद्रपदांत मक्याचीं कणसें भरूं लागलीं म्हणजे निघून जातो. जळगांव आणि धुळें या दोन जिल्ह्यांत, तसेंच १ जुलै १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग असलेल्या नंदुरबारांत, या उपासावर जो उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला त्याला ‘खावटी’ म्हणतात.

शहरांतील कित्येक घरांत हा शब्द ठाऊक नसेल. त्याचा अर्थ सरळ आहे. खाण्यासाठीं घेतलेलें तें खावटी. बी-बियाणासाठीं, बैलासाठीं किंवा लग्नासाठीं घेतलेलें कर्ज वेगळें. नुसतें जगण्यासाठीं, पुढचें पीक हातीं येईपर्यंत चूल पेटती राहावी म्हणून जें धान्य उसनें आणावें लागतें तें खावटीचें. धान्य देणारा कधीं सावकार असे, कधीं मालक, कधीं ठेकेदाराचा मुकादम. पुढें सरकारही झालें. देणारे बदलत गेले आणि त्यांबरोबर शब्दाचा अर्थही बदलत गेला. तो कसा बदलला हेंच आज पाहावयाचें आहे.

प्रथम पंचांगाकडे वळूं. खानदेशाचें मुख्य अन्न ज्वारी व बाजरी. खालीं तापीकांठीं काळ्या जमिनींत रब्बीची दादर, वर सातपुड्यांत मका, मोर, बंटी यांसारखीं हलकीं धान्यें. खरिपाची ज्वारी मार्गशीर्षाच्या सुमारास खळ्यावर येते. ज्याच्याकडे कोरडवाहू दोन-चार एकर, त्याचें खळें होळीपर्यंत पुरतें. चैत्र-वैशाखांत महू वेंचावा, चारोळी गोळा करावी, कोठें मजुरी मिळाली तर करावी, असें करून आखाजी गांठतां येते. पुढें खरी अडचण. पेरणीचें काम तर याच वेळीं असतें. नांगर-पाभरीमागें दिवसभर चालणाऱ्या माणसाला वर्षांतली सर्वांत अधिक भूक या दिवसांत लागते, आणि कणगी याच दिवसांत रिकामी असते. रानांतला तरोटा, कुर्डू, कांहीं कंद यांवर बायका दिवस काढतात. त्यांतून एखाद्या वर्षीं श्रावण अधिक आला म्हणजे तर विचारूंच नये! ‘दुष्काळांत तेरावा महिना’ ही म्हण आपण बैठकींत सहज वापरतों. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या घरांत त्या दिवशीं पीठ नसलें पाहिजे.

मी शिक्षक होतों, म्हणून थोडें गणित सांगतों. जुन्या मापांत चाळीस शेरांचा एक मण. समजा, आषाढांत ज्वारीचा भाव रुपयाला आठ शेर आहे. एका कुळानें एक मण ज्वारी खावटीनें आणली. वहींत धान्य लिहिलें जात नाहीं, रुपये लिहिले जातात. म्हणून त्याच्या नांवावर पांच रुपये पडले. कराराचा दर दिढीचा, म्हणजे पिकावर पांचांचे साडेसात द्यावयाचे. मार्गशीर्षांत नवी ज्वारी बाजारांत येते आणि भाव रुपयाला सोळा शेरांवर जातो. सावकाराला रोकड नको, माल हवा. साडेसात रुपयांची ज्वारी सोळा शेरांनीं किती होते? एकशें वीस शेर, म्हणजे तीन मण. एक मण नेली, पांच महिन्यांनीं तीन मण परत केली! आंकडे मीं सोयीसाठीं घेतले आहेत, पण रीत हीच. दिढी पाहून माणूस म्हणतो, व्याज पन्नास टक्के झालें. खरें नुकसान व्याजापेक्षां भावाच्या चढउतारांत दडलेलें असतें, आणि तें वहींत कोठेंच दिसत नाहीं. तीन मण परत गेली म्हणजे खळें होळीपर्यंतही पुरत नाहीं. पुढच्या आषाढांत एकाऐवजीं दीड मण आणावी लागते.

सावकाराला शिव्या देणें सोपें आहे. पण न्याय करावयाचा तर एवढें कबूल केलें पाहिजे कीं भर पावसांत, नद्या-नाल्यांना पूर असतां, ज्याचें पेव भरलेलें आहे आणि जो मध्यरात्रीं हांक मारली तरी दार उघडतो असा गांवांत तोच एक होता. सरकारचें धान्य होतें तेव्हांही तें तालुक्याच्या गांवीं होतें. कायद्यानें सावकार बंद करितां येतो, आषाढ बंद करितां येत नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं हें विसरून कायदे केले त्यांचे कायदे कागदावर राहिले.

खावटीचें दुसरें रूप सालदारकीचें. खानदेशांत सालदार ठेवण्याचा करार आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला होतो. वर्षाची मजुरी ठरते, कांहीं रोख, कांहीं ज्वारी. ही ज्वारी महिन्याच्या महिन्यास घरीं जाते, म्हणून सालदाराचें घर आषाढांत भूमिहीन मजुराच्या घरापेक्षां बरें असे. त्याची किंमत अशी कीं वर्षभर रात्र-दिवस बांधिलकी. आजारपण आलें, उचल वाढली, तर साल संपतांना हिशेब मालकाकडे निघे आणि पुढचें साल त्याच दारीं काढावें लागे. गांवगाड्यांत बलुतेदाराला खळ्यावर हक्काचा वांटा असे. ज्याला वांटाही नाहीं आणि सालही नाहीं, त्याच्यासाठीं राहिली ती खावटी. जुना गांवगाडा सर्वांना पोसत असे असें जे लिहितात त्यांनीं हा तिसरा मनुष्य पाहिलेला नसतो. बलुत्यांतही महाराच्या वांट्याला काय पडे व तें कोणत्या शब्दांनीं पडे, हें सांगण्याची गरज नाहीं.

आतां सरकारी दप्तराकडे येऊं. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजांनीं खानदेश तुडविला आणि पुढच्या दोन वर्षांत दुष्काळानें उरलेंसुरलें नेलें. गांवें उठलीं, आणि डोंगरांतील भिल्ल पोटासाठीं लुटीवर आले. १८१८ मध्यें इंग्रजांच्या हातीं हा मुलूख आला तेव्हां कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्यापुढें पहिला प्रश्न होता तो याच लुटीचा. प्रथम फौजा पाठविल्या, नाक्यांवर ठाणीं बसविलीं. निभाव लागला नाहीं. मग १८२५ पासून धोरण फिरलें. लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनीं भिल्ल पलटण उभारली, तिचें ठाणें धरणगांवीं झालें. आणि दुसऱ्या बाजूनें भिल्ल एजन्सी काढून जमीन कसावयास तगाई, बैल व बियाणें देण्यास आरंभ झाला. ज्याला पगार किंवा पीक मिळालें तो लुटीस जाईना. औट्रमच्या शौर्याच्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांत असत, आणि त्यांचें श्रेय त्यांना द्यावेंच. पण माझ्या मतें त्या यशांत पलटणीइतकाच वांटा बैल-बियाणांचा होता. राज्य स्थिर व्हावें एवढ्यापुरता भुकेचा विचार झाला. तें स्थिर झाल्यावर विचार थांबला.

गरिबाला जगावयास किती अन्न लागतें, हा प्रश्न सरकारदरबारीं उघडपणें निघाला तो १८७७ सालीं. या दुष्काळाचा मुख्य घाव सोलापूर, कलादगी, नगर, पुणें या बाजूंना बसला. खानदेशाला त्या मानानें थोडक्यावर निभावलें. हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि सर रिचर्ड टेंपल यांनीं त्या जानेवारींत दुष्काळी कामावरील मजुरी उतरवून पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी रोकड, एवढ्यावर आणिली. एक पौंड म्हणजे आपले सुमारें ४५० ग्रॅम. दगड फोडणाऱ्या माणसाला! मद्रास इलाख्याचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं आंकडे मांडून याचा निषेध केला. इकडे मुंबई इलाख्यांत हजारों मजूर कामें सोडून घरीं निघाले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें गांवोगांवची हकीकत गोळा करून सरकारकडे पाठविली. भुकेची अशी पद्धतशीर चौकशी आपल्या लोकांनीं आपणहून केल्याचें हें फार जुनें उदाहरण आहे, आणि त्याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं.

या वादांतून १८८० च्या दुष्काळ कमिशनचा अहवाल आणि १८८३ ची दुष्काळ-संहिता जन्मास आली. संहिता मोठी सुविचारी होती. पाऊस गेला, भाव चढले, लोक गांव सोडूं लागले, म्हणजे आधीं परीक्षेचीं कामें काढावयाचीं. त्यांवर गर्दी झाली तर दुष्काळ खरा. मग कामें वाढवावयाचीं, अशक्तांना गांवांतच शिधा द्यावयाचा, अन्नगृहें उघडावयाचीं. पण या सर्वांची कळ एका गोष्टींत होती: दुष्काळ जाहीर झाला पाहिजे. पाऊस वेळेवर पडला आणि पीक उत्तम उभें आहे अशा वर्षाच्या आषाढांत धडगांवकडचा मनुष्य उपाशी असेल, तर संहितेच्या कोणत्याही कलमांत तो बसत नसे. दुष्काळ जाहीर होतो. आषाढ जाहीर होत नाहीं.

सावकारीवरील कायद्याचीही गत तशीच. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला तो आरंभीं पुणें, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेशाचें नांव त्यांत नव्हतें. दंगा जेथें झाला तेथें कायदा गेला.

विक्रम संवत् १९५६, म्हणजे इसवी १८९९-१९००, हा छप्पन्नाचा काळ. त्या वेळीं खानदेश अखंड एक जिल्हा होता. क्षेत्रफळ १०,०४१ चौरस मैल, आणि १९०१ च्या खानेसुमारींत लोकसंख्या १४,२७,३८२. रेल्वे येऊन तीस वर्षांवर झालीं होतीं. चाळीसगांव, जळगांव, भुसावळ या ठाण्यांवर धान्य उतरत होतें. म्हणजे धान्य नव्हतें असें नाहीं. घेण्यास पैसा नव्हता, कारण शेत बुडालें तशी शेतावरची मजुरीही बुडाली. अमेरिकेंतील यादवी युद्धापासून कापसाखालीं गेलेल्या जमिनीनें मैदानांतल्या कित्येकांच्या हातीं पैसा दिला होता, तो अशा वेळीं थोडाफार आड आला. डोंगराच्या कुशींतल्या माणसाकडे कापूसही नव्हता. त्याचें जंगल सरकारनें राखीव केलेलें. दुष्काळी काम दूर, खणलेल्या खड्ड्याचें माप घेऊन मजुरी देण्याची पद्धति त्याला अपरिचित, आणि छावणींतल्या पटकीचें भय. अशा लोकांना कामावर बोलावून चालणार नाहीं, मदत त्यांच्या वस्तीपर्यंत नेली पाहिजे आणि त्यांचा निराळा विचार केला पाहिजे, असें त्या काळच्या कमिशनांनींच म्हटलें आहे. १९०६ सालीं जिल्ह्याचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशांत ४,५४४ चौरस मैलांत ९,५७,७२८ लोक, तर पश्चिमेंत ५,४९७ चौरस मैलांत ४,६९,६५४. जमीन अधिक तिकडे माणसें निम्मीं. या चार आंकड्यांत डोंगर आणि मैदान यांचा सगळा फरक आला.

यानंतरचा महत्त्वाचा कागद १९३९ चा. मुंबई प्रांतांत लोकनियुक्त मंत्रिमंडळ आल्यावर डोंगराळ भागांतील आदिवासींच्या स्थितीची चौकशी डेव्हिड सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याकडे सोंपविण्यांत आली. पश्चिम खानदेशांतील नवापूर पेटा, अक्राणी महाल व मेवासी संस्थानिकांचीं गांवें, आणि पूर्व खानदेशांतील सातपुड्याचें राखीव जंगल हे भाग ‘अंशतः वगळलेल्या’ क्षेत्रांत मोडत. सिमिंग्टन यांनीं कर्ज, वेठ, जमिनीचें हस्तांतर हीं सारीं एका सुतांत ओंवून दाखविलीं. माणूस कर्ज कां काढतो, तर खावयास नाहीं म्हणून. जमीन कां जाते, तर कर्ज फिटत नाहीं म्हणून. आणि जमीन गेल्यावर वेठीस कां राहतो, तर पुन्हां खावयास नाहीं म्हणून. त्याच सालीं कर्जनिवारणाचा कायदा झाला, १९४६ मध्यें सावकारी नियंत्रणाचा. कायदे वाईट नव्हते. पण आषाढांत धान्य कोण देणार, याचें उत्तर त्यांत नव्हतें. मग वही पेटींत गेली आणि व्यवहार तोंडी चालूं लागला.

आतां १९७१ सालाकडे येतों, कारण त्या एका वर्षांत दोन गोष्टी घडल्या. वर्षारंभीं पुण्याच्या गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा ‘भारतांतील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळण्यास किती खर्च लागतो हें काढून, तेवढाही ज्यांना झेंपत नाहीं असे किती, याचा हिशेब त्यांनीं देशापुढें ठेविला. पुढें मे महिन्यांत शहादें तालुक्यांतील पाटीलवाडी येथें उपाशी आदिवासी जमावानें धान्य मागावयास गेले. त्यांना धान्य मिळालें नाहीं. गोळ्या झाडल्या गेल्या. पुण्यांत ज्या उष्मांकांची मोजणी चालली होती त्यांचा हा दुसरा टोंक होता. पाटीलवाडीनंतर अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे स्थानिक तरुण आणि बाहेरून आलेले कार्यकर्ते एकत्र झाले. १९७२ मध्यें शहाद्यास भूमुक्तीचा मेळावा भरला व श्रमिक संघटना उभी राहिली. गेलेल्या जमिनी परत मिळाव्या, सालदाराची मजुरी वाढावी, दुष्काळांत काम मिळावें, अशा त्यांच्या मागण्या होत्या. खावटीसाठीं हात पसरणारा मनुष्य आतां अर्ज घेऊन कचेरींत उभा राहूं लागला.

बहात्तरच्या दुष्काळाचें वर्णन मी लांबवीत नाहीं. आपल्यापैकीं अनेकांनीं तांबडा मिलो खाल्ला असेल, खडी फोडणाऱ्यांना वांटलेली सुखडी पाहिली असेल. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसें होतीं, आणि त्यांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेची रोजगार हमी कायद्यानें पक्की झाली. पण हमीचें काम मुख्यतः मातीचें. भर पावसांत तें बंद असतें. पुन्हां तोच आषाढ!

म्हणून १९७६ चा कायदा मला अधिक विचाराचा वाटतो. त्यानें आदिवासी भागांत खाजगी सावकारी बंद केली, शेतमाल व वनोपज यांची एकाधिकार खरेदी ठरविली, आणि त्याबरोबरच खाण्यासाठीं कर्ज देण्याची जबाबदारीही सरकारनें पत्करली. १९७८ पासून नाशिकच्या आदिवासी विकास महामंडळामार्फत पावसाळ्यांत ‘खावटी कर्ज’ मिळूं लागलें. सरकारी ठरावांत हा शब्द जसाच्या तसा आला याचें मला मोठें कौतुक वाटतें. ‘उपभोग-वित्त’ किंवा असलाच कांहीं जडजंबाल शब्द सहज घडवितां आला असता. ज्या कचेरीनें लोकांचा शब्द घेतला तिला निदान त्या वर्षीं लोकांचा महिनाही कळला होता.

योजनेचें पुढें काय झालें? पुढच्या काळांत कुटुंबांत माणसें किती हें पाहून दोन, तीन किंवा चार हजार रुपयांपर्यंत मदत देत, कांहीं रोख व कांहीं धान्यरूपानें. तींतील मोठा भाग कर्ज व उरलेला अनुदान. वसुली होईना. थकलेलीं कर्जें माफ करावीं लागलीं, आणि २०१३-१४ च्या सुमारास योजना बंद पडली. कांहींजण यावरून म्हणतात कीं या लोकांना फेडण्याची संवय नाहीं. हें बोलणें इतिहासाला धरून नाहीं. हेच लोक पिढ्यान्‌पिढ्या एका मणाचे तीन मण फेडीत आले! जें खाऊन संपलें, ज्यापासून नवें पीक वाढलें नाहीं, त्याचें कर्ज फेडावयाचें तें पुढच्या वर्षाच्या अन्नांतून. सावकार तें जबरदस्तीनें काढून घेई. सरकारला तसें करणें शक्य नव्हतें, आणि तें झालें नाहीं हेंच बरें झालें.

तेवढ्यांत खावटी देणारा आणखी एकजण पुढें आला होता. दक्षिण गुजराथेंत बारडोलीच्या बाजूस सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि ऊंसतोडीसाठीं खानदेशांतील माणसें लागूं लागलीं. नवरा-बायकोच्या जोडीला तेथें ‘कोयता’ म्हणतात. माणसांचें नांव हत्याराला पडलें नाहीं, हत्याराचें माणसांना पडलें. मुकादम गांवांत येतो केव्हां? पावसाळ्यांत, ज्या वेळीं घरांत दाणा नसतो. उचल देतो, दिवाळीच्या सुमारास कोयते गोळा करितो. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानें बारडोलीच्या पडावांत राहून १९७० नंतर या व्यवहाराचा बारकाईनें अभ्यास केला. तोडीच्या काळांतही मजुराला पोटापुरतें धान्य उचलीच्या खातीं मिळे, त्याला खावटीच म्हणत, आणि हंगामाच्या शेवटीं उचलीवर दिढी लागे. सातपुड्यांतील सावकाराची वही अशी कारखान्याच्या पडावांत जाऊन पोंचली. आईबापांमागें मुलें जातात. अंगणवाडीच्या वहींत त्यांच्यापुढें ‘स्थलांतरित’ असें लिहिलें जातें आणि त्यांचा आहार बंद होतो. शाळेच्या हजेरीपटावरही तोच शब्द मीं स्वतः अनेक वर्षें लिहिला आहे.

येथें भुकेच्या अभ्यासकांविषयीं दोन शब्द. आहाराची पाहणी करणारा घरीं येतो आणि काल काय शिजलें, किती शिजलें, असें विचारतो. पदार्थ वजन करून लिहून घेतो. पद्धति शास्त्रीय आहे. पण तो येतो केव्हां? मोलगी-धडगांवच्या घाटांतून पावसाळ्यांत जाणें पूर्वी फार कठीण होतें. पाहणारे येत ते रस्ते सुकल्यावर, हिवाळ्यांत, खळें ताजें असतां. इंग्रज अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत हा दोष जगभर असल्याचें दाखविलें आहे: तज्ज्ञ कोरड्या ऋतूंत आणि डांबरी सडकेच्या कडेनें फिरतात, म्हणून सर्वांत वाईट महिने आणि सर्वांत दूरचीं घरें त्यांना दिसतच नाहींत. अर्भकांचे मृत्यु मात्र पावसाळ्यांत वाढत. २००१ सालीं डॉ. अभय बंग यांच्या पुढाकारानें स्वयंसेवी संस्थांनीं गांवांतले बालमृत्यु घरोघर नोंदून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला, तेव्हां सरकारी नोंदींत किती मुलें येतच नव्हतीं हें उघड झालें. मोजण्याचें काम गांवांत राहणाऱ्यानें केलें म्हणजे आंकडा बदलतो, हें सार्वजनिक सभेच्या वेळींही दिसलें होतें.

त्याच २००१ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें शाळेंत शिजविलेलें अन्न देण्याचा हुकूम केला. २०१३ मध्यें अन्नसुरक्षेचा कायदा झाला. माणशीं महिन्याला पांच किलो, आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य हा हक्क ठरला. १ जानेवारी २०२३ पासून तें विनामूल्य आहे. २०१५ सालच्या अमृत आहार योजनेनें आदिवासी भागांतील गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचें चौरस जेवण मिळूं लागलें, लहान मुलांना अंडीं किंवा केळीं. केळीं जळगांव जिल्ह्यांतून देशभर जातात. रावेर, यावल, चोपडें येथील बागांपासून सातपुड्यांतल्या पावरा, भिल्ल, तडवी वस्त्या कांहीं कोसांवर आहेत. तीं त्या मुलांच्या हातीं पडण्यास सरकारी ठराव लागला. या साऱ्या योजनांनीं भुकेची धार बोथट झाली आहे, हें न मानणें कृतघ्नपणाचें होईल. पांच किलोंचा महिन्याचा हिशेब केला तर दिवसाला माणशीं १६६ ग्रॅम पडतात, हेंही तितकेंच खरें. टेंपलसाहेबांच्या पौंडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे अधिक. अर्थात् पौंड ही दुष्काळांतली पुरी मजुरी होती, आणि हें घरच्या धान्याला जोड म्हणून आहे. ज्याच्या घरीं आषाढांत जोडावयास कांहींच नसतें त्याला ही जोडच पुरी धरावी लागते. शिवाय दुकानांतून बहुधा गहूं-तांदूळ मिळतात, आणि खानदेशचा मनुष्य भाकरीचा.

२०२० च्या टाळेबंदींत बारडोलीचे पडाव रिकामे झाले, गुजराथेच्या सीमेवरून माणसें पायीं परत आलीं. त्या सप्टेंबरांत राज्य सरकारनें खावटी पुन्हां सुरू केली, पण आतां कर्ज म्हणून नव्हे. शंभर टक्के अनुदान. राज्यांतील ११ लाख ५५ हजार आदिवासी कुटुंबांना प्रत्येकीं चार हजार, पैकीं दोन हजार खात्यावर आणि दोन हजारांच्या वस्तु. एकूण खर्च ४८६ कोटि रुपये. दोन शतकें जो शब्द ऋणाचा होता तो फेड न मागणाऱ्या देण्याचा झाला, असें या शब्दाच्या इतिहासांत प्रथमच घडलें. खातें कोणत्या बँकेंत, कागद पुरे कीं अपुरे, खरेदी कोणाकडून, यांत वेळ गेला, आणि वस्तूंचें वाटप २०२१ च्या पावसाळ्यांत होत होतें. संचांत मटकी, चवळी, हरभरा, वाटाणा, उडदाची व तुरीची डाळ, साखर, शेंगदाण्याचें तेल, गरम मसाला, तिखट, चहा, असें सामान होतें. आणि सातपुड्यांतल्या बाजारीं जें घेण्यासाठीं एकेकाळीं चारोळी मोजून द्यावी लागे, तें मीठही होतें.